हेवीचं लायसन काढलं त्याची गोष्ट

पिकअपवर सहा वर्षं काढली. दूध, कांदे, टोमॅटोचे क्रेट, एकदा लग्नाचं वऱ्हाडसुद्धा (हे लिहायला नको होतं). मालासकट वजन ७५०० किलोच्या आत असलं की साधं चारचाकीचं लायसन पुरतं, सुप्रीम कोर्टानंही नोव्हेंबर २०२४ मध्ये तेच सांगितलं. पण भाड्यात काही उरेना. इकडं कराड भागात उसाच्या दहाचाकीला ड्रायव्हर मिळत नाही म्हणून मालक दर हंगामाला बोंबलत असतात. म्हटलं, हेवी काढूया.

नियमात मी बसत होतो. वय २० च्या वर, चारचाकीचं लायसन मिळून एक वर्ष झालेलं. आठवी पासची जुनी अट २०१९ मध्येच गेली. सारथी या सरकारी पोर्टलवर ट्रान्सपोर्टच्या (म्हणजे धंद्याच्या गाडीच्या) लर्निंगचा अर्ज टाकला. त्याला डॉक्टरांचा फॉर्म १-ए जोडावा लागतो. २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, असा त्यात प्रश्न असतो. आमच्या डॉक्टरांनी खिडकीतून रस्त्यापलीकडची बुलेट दाखवली. वाचली.

अडलं ते फॉर्म ५ वर. हेवीला ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे. एक एजंट म्हणाला, "तुम्ही तर मुरलेले ड्रायव्हर, रोज कशाला येताय? पैसे भरा, महिन्यानं कागद घेऊन जा." खोटं का बोलू, मलाही पटलं होतं. बायको म्हणाली, "पैसे देणारच आहात, तर शिकून तरी घ्या." मग दुसरं स्कूल धरलं.

पहिल्या दिवशी स्टार्टर मारला, गिअर टाकला, गाडी जागची हलेना. शेजारी उस्ताद गप्प. बझर केकाटत होता, तो मला ऐकूच आला नव्हता. शेवटी त्यांनी हवेच्या काट्यावर बोट ठेवलं. एअर टाकीत हवा भरल्याशिवाय ब्रेक सुटत नाही. सहा वर्षांचा तोरा तिथंच उतरला.

त्यानंतर वळण. पिकअपच्या सवयीनं कोपरा आला की मी स्टेअरिंग तोडायचो, आणि मागचं चाक बरोबर कोपऱ्यावर ठेवलेल्या पिंपावर. उस्ताद म्हणायचे, "पुढची चाकं तुझी, मागची दुसऱ्याच्या बापाची. ती आत शिरणारच." ट्रकमध्ये आपण पुढच्या चाकावरच बसलेलो असतो. म्हणून कोपरा ओलांडून पुढं जायचं, आता समोरच्या भिंतीला लागतो की काय असं वाटलं की मग वळवायचं, आणि डावा आरसा सोडायचा नाही. हे हातात बसायला मला अकरा दिवस लागले. घाटाचं त्यांचं एकच सांगणं होतं: ज्या गिअरात कुंभार्ली चढतोस, त्याच गिअरात उतर. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेकचे ड्रम तापतात, आणि सारखा ब्रेक मारला की हवाही संपते.

लर्निंगला ३० दिवस झाल्यावर आरटीओत टेस्ट दिली. चढावर हाफ क्लचवर गाडी धरली, वळण काढलं. रिव्हर्सला मात्र जुन्या खोडीनं खिडकीतून मान बाहेर काढून मागं बघत बसलो. साहेब शांतपणे म्हणाले, "उजवीकडचं दिसलं. डावीकडं कोण उभं होतं?" डावीकडं त्यांचाच माणूस उभा होता. नापास.

सात दिवसांनी परत गेलो, फक्त आरशांवर रिव्हर्स घेतला, पास झालो. कार्ड पोस्टानं आलं. ट्रान्सपोर्टची मुदत पाचच वर्षं असते, आधी तर तीनच होती. एसटीत ड्रायव्हर म्हणून जायचं तर वर प्रवासी गाडीचा बिल्लाही लागतो, तो मी काढलेला नाही.

कार्ड घेऊन मालकाकडं गेलो तर पहिला प्रश्न, "अनुभव?" ठरलं असं, की पंधरा दिवस मी रिकामी गाडी कारखान्यातून उसाच्या फडात न्यायची आणि भरलेली त्याच्या जुन्या ड्रायव्हरनं आणायची. फडात गाडी मागं घ्यायची वेळ आली, की मी आधी क्लीनरला डावीकडं उतरवतो.