तुम्ही विचारलंत म्हणून: सेकंद दुसरा, तर पहिला कोण?

शब्दांच्या मुळांबद्दल लिहिते म्हणून हा प्रश्न मला हमखास येतो: ‘इंग्रजीत सेकंड म्हणजे दुसरा, मग घड्याळातल्या एवढ्याशा वेळेलाही सेकंदच का? हा दुसरा, तर पहिला कुठाय?’

पहिला म्हणजे मिनिट.

मुळात ही भानगड घड्याळाची नाहीच, आकाश मोजण्याची आहे. बॅबिलोनी मंडळी साठाच्या पटीत हिशेब करत. ग्रीक खगोलशास्त्रज्ञांनी तीच रीत उचलली. वर्तुळाच्या एका अंशाचे साठ भाग करायचे, त्यातल्या एकाचे पुन्हा साठ. मध्ययुगीन लॅटिनमध्ये यातल्या पहिल्या तुकड्याला ‘पार्स मिनुता प्रीमा’ म्हणत, म्हणजे पहिला बारीक भाग. दुसरा अर्थातच ‘पार्स मिनुता सेकुंदा’. एवढं लांबलचक नाव उठताबसता कोण घेणार? एकाचं ‘मिनुता’ तेवढं उरलं, दुसऱ्याचं ‘सेकुंदा’. खरं तर जास्त बारीक सेकंद, पण बारीकपणाचा मान मिनिटाने पटकावला आणि सेकंदाच्या हाती नुसता क्रमांक आला. मला हे जरा अन्यायाचंच वाटतं.

अंशांची ही नावं पुढे तासालाही लागली. 13व्या शतकात रॉजर बेकन या इंग्रज विद्वानाने पौर्णिमांच्या वेळा तास, मिनिटं, सेकंद आणि त्याहूनही बारीक भागांत मांडल्या. हे सगळं कागदावरच बरं का! घड्याळांना तेव्हा मिनिटकाटाही नव्हता. तो रुळला डच शास्त्रज्ञ हायगेन्सच्या 1656 मधल्या लंबकाच्या घड्याळानंतर.

‘सेकुंदुस’चा मूळ अर्थ मात्र दुसरा नव्हे, ‘मागोमाग येणारा’. ‘सेक्वी’ म्हणजे मागे जाणं. सिक्वेल, सिक्वेन्स त्याच घरातले. जहाजाच्या पाठीमागून येणाऱ्या वाऱ्यालाही रोमन लोक सेकुंदुस म्हणत आणि असा वारा फायद्याचा, म्हणून त्याच शब्दाला ‘अनुकूल’ असाही अर्थ चिकटला. लॅटिनमध्ये दुसरा असणं कमीपणाचं नव्हतं तर!

यावर चौकस माणूस लगेच विचारतो, ‘मग तिसरा?’ तोही होता. सेकंदाचा साठावा भाग, ‘तेर्तिया’. पण सेकंदाच्या खाली दशांश चिन्ह आलं, मिलिसेकंद आले आणि तेर्तिया मोडीत निघाला.