उचल पद्धत, फलक ४ ते ६ : ठाण्यातल्या पावसाळ्यातली नोंद

उचल पद्धतीच्या मालिकेतले पुढचे तीन फलक पूर्ण झाले. कागद नेहमीचाच, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) कॉटन रॅग, म्हणजे कापसाच्या धाग्यांचा, २२ × ३० इंचांचा ताव मधोमध कापलेला. कृतीही तीच: कोळशाने मन मोकळं करायचं, ते रंगाखाली झाकायचं आणि मग ओल्या रंगावर कागद टेकवून रंग उचलायचा. बदलली ती हवा. जुलैत घोडबंदर रोडच्या घरांत भिंतीसुद्धा ओल धरतात आणि ॲक्रिलिक वाळतं ते पाणी उडून गेल्यावरच. त्यामुळे उन्हाळ्यात बसवलेला सगळा हिशेब चुकला.

आधी कोळसा. कागद दारावर किंवा भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, चारही बाजूंनी मास्किंग टेप लावून. टेबलावर मनगट चालतं आणि रेघ शहाण्यासारखी येते. उभ्या कागदावर हात खांद्यापासून हलतो. जाड विलो चारकोल (विलोच्या फांद्यांचा कोळसा), सवयीचा नसलेला हात, गजर लावून ७ मिनिटं. राग, दुःख, जे असेल ते रेघांनी किंवा शब्दांनी उतरू द्यावं. बारीक कांडी पहिल्याच जोरात तुटते आणि लक्ष तुकडे गोळा करण्यात जातं.

सैल भुकटी झटकली की मॅट मीडियम (रंग आणि चकाकी नसलेलं ॲक्रिलिक) आणि पाणी निम्मं निम्मं करून मऊ रुंद ब्रशने एकच हात फिरवायचा. त्याच जागी दुसऱ्यांदा ब्रश गेला तर कोळसा ओढला जातो. फलक ४ वर हा हात राहूनच गेला. यलो ऑकरमध्ये, म्हणजे वरच्या मातकट पिवळ्यात, कोळसा मिसळला आणि अख्खा थर शेवाळी झाला. काळं आणि पिवळं मिळून हिरवट होतं, त्याला इलाज नाही.

झाकायला यलो ऑकर २ भाग, झिंक व्हाइट १ भाग. टायटॅनियम व्हाइट फार अपारदर्शक, खालचं सगळं गिळून टाकतं. रोलर रबराचा, ४ इंची. स्पंजच्या रोलरने बुडबुडे येतात आणि वाळल्यावर तिथे टाचणीएवढी भोकं राहतात.

आता उचल. इथेच सगळं ठरतं. कडेला बोट टेकवून पाहावं: बोटाला रंग लागतोय, पण कागदावरचा ठसा पुन्हा भरून येत नाही, ही वेळ. त्याआधी उचललं तर रंग वाहून जागा बुजते. उशीर झाला तर वरचा कागद चिकटून फाटतो. उन्हाळ्यात ही वेळ चार-पाच मिनिटांत यायची, आता बारा-पंधरा लागतात. फलक ५ वर घाई म्हणून पंखा थेट सोडला; वर साय धरली, खाली रंग ओलाच, आणि उचलताना सालपटं निघाली. पंख्याचं तोंड समोरच्या भिंतीकडे हवं.

उचलायला कोरा न्यूजप्रिंट (वर्तमानपत्राचा न छापलेला कागद), हाताने फाडलेला. कात्रीची कड चित्रात फार ठाम दिसते. छापील वर्तमानपत्राची शाई उलट्या अक्षरांत उतरते आणि मन ती वाचत बसतं. तळव्याने मधून बाहेर दाबायचं, कोपरा धरून हळू सोलायचं. कागद सरळ वर ओढला तर रंगाला झाडाच्या फांद्यांसारख्या शिरा पडतात. हव्या असतील तिथे जरूर ओढावा.

बरेच जण कोळशाच्या सात मिनिटांवर थांबतात. आमच्या मते तेवढ्याने राग फक्त घोटला जातो. उचलीत मात्र एक शब्द वर येतो, दुसरा कायमचा खाली राहतो, आणि कोणता ते आपल्या हातात नसतं. सुटल्यासारखं वाटतं ते हे पाहताना.

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) रोलर आणि पॅलेट नाइफने थर चढवत, उतरवत. माध्यम मात्र तैलरंग, आणि झेन विचाराची ओढ. त्यांचे फलक पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. ॲक्रिलिकमध्ये तेवढी सवड मिळत नाही. रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) घालता येतो, पण पावसाळ्यात तो नकोच. थर कितीतरी दिवस चिकट राहतो.

फलक वाळल्यावर समोर बसणं हाही कृतीचाच भाग. चार फुटांवर, दहा मिनिटं, त्राटकासारखं, पण पापण्या लवू द्याव्यात. नजर भिंतीकडे वळवली की निळसर आयत तरंगतो. पिवळ्याने थकलेल्या डोळ्यांचा तो परिणाम. दृष्टान्त समजू नये. तो विरेपर्यंत श्वास पाहत बसावं, ती शांतता खरी असते.

फलक ६ वर डावीकडे खाली अर्धा शब्द राहिला आहे, तो तसाच ठेवला. तिन्ही फलक कपाटात नाहीत, दोरीवर चिमट्यांनी टांगलेत. बंद कपाटात आठवड्यात बुरशीचे ठिपके येतात. फलक ७ साठी रॉ अंबर (मातकट तपकिरी) आणि थोडं अल्ट्रामरीन (गडद निळं) काढून ठेवलंय, पावसातल्या उपवन तलावाच्या गढूळ पाण्याच्या जवळ जाणारं.