वेल्हे, केळद, पाबे घाट: लिफ्ट केलेली व्ही-क्रॉस, स्टॉक हायलक्स आणि सिमेंटच्या गोण्या

मामाच्या शेतावर गोठ्याचं काम निघालंय, त्याचं सिमेंट पोचवायला मी आणि दादा (मामेभाऊ) दोन पिकअप घेऊन वेल्ह्याच्या पुढे केळदच्या बाजूला जाऊन आलो. माझी इसुझू व्ही-क्रॉस, पुढेमागे साधारण ४० मिमी लिफ्ट (सस्पेन्शन बदलून वाढवलेली उंची) आणि ऑल-टेरेन टायर, म्हणजे डांबरी आणि कच्चा दोन्हीला चालणारे. दादाची टोयोटा हायलक्स, सस्पेन्शनला हात न लावलेली, टायर हायवेचे. पुण्यात पिकअप घेतलेला जो भेटतो तो पहिला प्रश्न विचारतो की किती इंच लिफ्ट करू, म्हणून सविस्तर लिहितोय. माझं मत सरळ आहे: हौद्यात कायम किती वजन राहणार हे आधी ठरवा, मग टायर ठरवा, लिफ्टचा नंबर त्यानंतर.

जाताना कात्रजचा बोगदा, खेड-शिवापूर टोल, मग नसरापूरला उजवीकडे वळून मार्गासनीवरून वेल्हे. पहाटे लवकर निघा, कारण शनिवार-रविवारी मढे घाटाची गर्दी केळदपर्यंत येते आणि पावसाळ्यात प्रशासन कधीकधी धबधब्याकडे जायला बंदी घालतं, ते आदल्या दिवशी बघून घ्या. डिझेल हायवेवरच फुल करा.

दोन्ही गाड्यांत सहा-सहा गोण्या, म्हणजे ३०० किलो. दादाच्या गाडीची शेपूट खाली गेली, तोंड वर, आणि अंधारात निघालो होतो तर समोरच्या गाड्या सारख्या डिपर मारत होत्या, कारण लाइट त्यांच्या डोळ्यावर. माझी जवळपास लेव्हलला राहिली. याचं श्रेय उंचीला नाही, पाट्यांना (मागच्या लीफ स्प्रिंगना) आहे. लिफ्ट किट घेताना मागचे पाटे वेगवेगळ्या वजनाचे मिळतात, रिकाम्या गाडीसाठी, कायम २००-३०० किलो असणाऱ्यांसाठी, त्याहून जास्त वाल्यांसाठी. ओल्ड मॅन एमू, आयर्नमॅन, टफ डॉग हे ऑस्ट्रेलियातले ब्रँड पाट्यांचे असे पर्याय देतात. माझ्या हौद्यावर कॅनपी (टपासारखं झाकण) आहे, टूलबॉक्स आहे, पाण्याचे कॅन असतात, म्हणून मी मधले घेतले. ज्याचा हौदा आठवडाभर रिकामा असतो त्याने जड पाटे घेतले तर सिंहगड रोडच्या खड्ड्यांत मागची माणसं वैतागतील ते सोडा, ओल्या घाटात वळणावर मागची चाकं रस्ता सोडून उड्या मारतात, ते खरं धोक्याचं.

स्वस्तात उंची हवी म्हणून पुढे स्प्रिंगवर स्पेसर आणि मागे पाटे-ॲक्सलच्या मध्ये ब्लॉक, असे नुसते ठोकळे टाकून देणारे पण आहेत. स्पेसरने गाडी उभी दिसते, पण स्प्रिंग आणि शॉकअप तेच जुने, शिवाय चाकाला खाली जायला जागा कमी उरते, म्हणजे खड्ड्यात शॉकअप पूर्ण उघडून वर खाडकन् आवाज. पैसे कमी असतील तर लिफ्ट पुढच्या वर्षी करा पण स्पेसर नको.

आता टायर. गावाच्या पुढे शेतापर्यंत बैलगाडीची वाट आहे, पावसाने चिकट चिखल झालेला. दादा पुढे होता, ५० फूट गेला आणि थांबला. ग्राउंड क्लिअरन्सचा प्रश्नच नव्हता, पोट कुठेच टेकलं नव्हतं. टायरच्या खाचा चिखलाने भरून टायर पार गुळगुळीत झाला होता. हायलक्सला मागे डिफ लॉक आहे (मागची दोन्ही चाकं एकत्रच फिरवणारा), तो लावला तर दोन्ही चाकं मिळून जागेवर फिरायला लागली. मग हवा ३४ पीएसआयवरून २० वर आणली, ४ एलमध्ये (चारही चाकांना ताकद, सगळ्यात हळू गिअर) ॲक्सिलरेटर जवळपास न देता हळू सोडली आणि निघाली. मामा बांधावरून बघत होता, म्हणाला, "अरे, एवढंच करायचं होतं तर आधीच सोडायची ना हवा!" माझ्या ऑल-टेरेनने तोच पट्टा २४ वर पार केला, कारण त्याच्या ठोकळ्यांमधली जागा मोठी, फिरताना चिखल बाहेर फेकतो. हवा कमी केली की वेग ३० च्या आत ठेवा, स्टेअरिंग झटक्यात वळवू नका नाहीतर टायर रिममधून सुटतो, आणि डांबरी लागायच्या आधी कंप्रेसरने परत भरा. छोटा १२ व्होल्टचा कंप्रेसर लिफ्टच्याही आधी घ्या.

त्याच वाटेवर पुढे चाकोऱ्या खोल आणि मधला उंचवटा मोठा होता. तिथे दोन्ही गाड्यांचा मागचा डिफरन्शियल (ॲक्सलच्या मध्यावरचा गिअरचा गोळा) घासला, माझा पण. हे नीट समजून घ्या: मागचा ॲक्सल अखंड आहे, तो चाकांवर बसलाय, पाटे उंच केले तर चासी वर जाते पण ॲक्सल तिथेच राहतो. त्याला वर न्यायचा एकच मार्ग, मोठा टायर, आणि तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्माच उचलतो. माझे मूळचे २५५/६० आर १८, व्यास साधारण ७६३ मिमी. आत्ताचे २६५/६० आर १८, ७७५ मिमी. म्हणजे ॲक्सल उचलला गेला फक्त ६ मिमी. लिफ्टचा फायदा वेगळा आहे, ओढ्यात उतरताना बंपर टेकत नाही, चढ संपताना पोट घासत नाही, आणि तो फायदा मला शेताच्या तोंडच्या ओहोळात चांगलाच मिळाला, दादाला तिथे दगड रचून उतरावं लागलं.

मग २६५/६५ का नाही? व्यास ८०२ च्या आसपास जातो, म्हणजे मूळपेक्षा ५ टक्के मोठा. स्पीडोमीटर १०० दाखवताना गाडी मूळ टायरच्या मानाने ५ टक्के जास्त पळते, गाडी वेग हळू पकडते, फुल स्टेअरिंगला आतलं लायनर घासू शकतं आणि खालच्या जागेत स्टेपनी बसेल का तेही बघावं लागतं. स्टेपनी त्याच साइजची पाहिजेच, पाच टायरचं बजेट धरा. घेताना साइडवॉलवरचे चार आकडे वाचा, २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळपेक्षा कमी नको. मड-टेरेन (खास चिखलाचे टायर) मात्र ज्याची गाडी रोज शेतातच असते त्यानेच घ्यावेत, ओल्या डांबरावर ब्रेक लांब लागतो आणि हायवेला घोंघाट.

परतताना गोण्या उतरवलेल्या, पाऊस चालू, वेल्ह्यावरून पाबे घाट चढून खानापूर, डोणजे, खडकवासला असे आलो. घाटात रिकामी पिकअप मागून हलकी असते हे लक्षात ठेवा आणि वळणाच्या आधीच ब्रेक मारा. कोरडं डांबर लागलं की ४ एचमधून (चारही चाकांना ताकद) २ एचमध्ये (फक्त मागच्या) या, या गाड्यांना पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसतो, वळणावर सगळा ताण गिअरवर येतो.

फिटिंगबद्दल. नाना पेठेत पार्ट बघा, भाव काढा, पण काम अशाच माणसाकडून करून घ्या जो पाट्यांच्या बुशचे (टोकाच्या रबरी कड्यांचे) बोल्ट गाडी जमिनीवर उभी करून शेवटचे आवळतो, हवेत लटकवून आवळले तर बुश पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंट मागा. लिफ्टनंतर कॅस्टर (पुढच्या चाकाच्या स्टेअरिंगचा मागे झुकलेला कोन) कमी झाला असेल तर एक्सप्रेसवेवर स्टेअरिंग भरकटल्यासारखं वाटतं. २ इंचाच्या पुढे जायचं असेल तर वरचे कंट्रोल आर्म बदलायची तयारी ठेवा, पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या दांड्याच्या सीव्ही जॉइंटचा कोन पण वाढतो, त्याचे रबरी बूट दर सर्व्हिसला बघा. ब्रेकचे होज फुल स्टेअरिंगला ताणले जात नाहीत ना ते स्वतः वाकून बघा, हेडलाइट परत सेट करा, ५०० किमीला पाटे ॲक्सलला धरणारे यू-बोल्ट परत आवळा.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, कलम १८२ए मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. तेव्हा आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवून त्यांचं उत्तर जपून ठेवा. दादा आता फक्त ऑल-टेरेन घेतोय, त्याच मूळ २६५/६० आर १८ साइजमध्ये, लिफ्ट नाही, आणि त्याच्या वापराला तेवढं पुरेल असं मलाही वाटतं.