कपाळाची कातडी नाकाला

बायोप्सीत बेसल सेल कार्सिनोमा निघाला. त्वचेचा कॅन्सर, पण सावकाश वाढणारा आणि सहसा दुसरीकडे न पसरणारा, हे ऐकल्यावर घरातल्यांच्या जिवात जीव आला. माझ्या नाही. गाठ नाकपुडीच्या कडेलाच होती आणि मुळासकट काढायची म्हणजे भोवतालची थोडी चांगली कातडीही जाणार होती. मग ते भगदाड बुजवायचं कशानं?

"कपाळानं," प्लास्टिक सर्जन म्हणाले. मांडीची कातडी रंगाला जुळत नाही, आकसते. कपाळाची रंगानं आणि जाडीनं नाकाला जवळची. भुवईच्या आतल्या टोकापासून एक रक्तवाहिनी वर जाते. तिच्यासकट कपाळाची उभी पट्टी सोडवायची, फिरवून नाकावर शिवायची आणि भुवईपाशी मात्र जोडलेलीच ठेवायची. नाकपुडी खाली बसू नये म्हणून आत कानाची कूर्चा, म्हणजे कान ताठ ठेवणारा लवचिक भाग.

माझा चेहरा बघून त्यांनी पुण्याचीच गोष्ट सांगितली. इंग्रजांच्या फौजेतला गाडीवान कावसजी 1792 मध्ये टिपूच्या सैन्याच्या हाती लागला. त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळच्या एका वीटभट्टीवाल्या जातीच्या माणसानं मेणाचा साचा करून, तो कपाळावर आखून, त्याला नवं नाक करून दिलं. ही हकिकत 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि ती वाचून कार्प्यू नावाच्या सर्जननं 1814 मध्ये तिथे असं ऑपरेशन केलं. आमच्या डॉक्टरांचा साचा मेणाचा नव्हता, टाक्यांच्या पाकिटातली चंदेरी फॉइल कापून केलेला होता. फरक एवढाच, असं ते म्हणाले. (भूल त्या काळी नव्हती, हा फरक मी मनात म्हटला.)

ऑपरेशनपेक्षा अवघड गेले ते पुढचे साधारण तीन आठवडे. नाकावरची कातडी नव्या जागी रक्त धरेपर्यंत भुवईपाशी जोडलेला तो देठ कापत नाहीत. भुवईपासून नाकापर्यंत हत्तीच्या सोंडेसारखा सुजलेला मांसल पूल, त्यातून जरा जरा रक्त पाझरणारं, भोवती व्हॅसलिनची पट्टी. सिस्टर फ्लॅपवर, म्हणजे नाकावर शिवलेल्या त्या कातडीवर, बोट दाबून बघायच्या: पांढरा पडून पुन्हा गुलाबी झाला तर ठीक, निळा-काळा दिसला तर लगेच कळवायचं. आणि नाकाचं टोक पुसलं की कपाळावर गुदगुल्या व्हायच्या! नसा अजून कपाळाच्याच ना.

चष्मा बसेना, त्यामुळे पेपर 'अहो' मोठ्यानं वाचून दाखवत, अग्रलेख गाळून. बाहेर जायचं तर स्कार्फ. स्कूटीवर फक्त डोळे उघडे ठेवायची सवय पुण्यातल्या बायकांना आहेच, रस्त्यात कुणी वळून पाहिलं नाही.

डोकं उठलं ते विम्यामुळे. कॅशलेसचा अर्ज 'कॉस्मेटिक' म्हणून परत आला. वास्तविक अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना त्या वगळणुकीत येत नाही, हे पॉलिसीतच छापलेलं असतं. बायोप्सीचा रिपोर्ट आणि सर्जनचं पत्र जोडल्यावर मंजूर झालं. कुणावर अशी वेळ आली तर पहिल्याच कागदावर 'कॅन्सर काढल्यानंतरची पुनर्रचना' असं स्पष्ट लिहून घ्या.

देठ कापायचं काम त्या मानानं किरकोळ. भुवई जागेवर आली, पण जराशी आत सरकलेली; पार्लरमधली मुलगी थ्रेडिंग करताना दर वेळी डोकं खाजवते. कपाळावरचा उभा व्रण टिकलीच्या वरून जातो, आता फिका पडलाय. नव्या कातडीवर दोन-चार केस उगवतात, ते चिमट्यानं काढते. सनस्क्रीन आणि ठरल्या वेळी तपासणी, ही दोन कामं कायमची मागे लागली.

नाकाची ती बाजू अजून जाड आहे. छोटी शस्त्रक्रिया करून पातळ करता येईल, असं डॉक्टर म्हणतात. दिवाळीनंतर बघू म्हटलंय.