पंप मरताना

घाटंजीतल्या आमच्या फ्लेक्सच्या दुकानाला फवारणीच्या हंगामात एका कृषी केंद्राने सहा बाय चार फुटांचा सूचनाफलक सांगितला होता. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हापासून असे काम हातात आले की मी ते उरकत नाही. म्हणूनच मी जाडातला जाड फॉन्ट निवडला, पॉपिन्स, आणि त्याच्या नऊ वेटपैकी, म्हणजे जाडीच्या प्रकारांपैकी, सर्वांत वजनदार असलेला ब्लॅक.

फलक दुकानासमोर टेकवून ठेवला होता. रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा पीत बसलेले एक वयस्कर शेतकरी उठून आले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "काहो भाऊ, पंप मरते का कधी?"

मी रस्ता ओलांडून टपरीपाशी गेलो आणि तिथून पाहिले. 'पंप भरताना हातमोजे घाला' हे वाक्य तिथून खरोखरच 'पंप मरताना' असे दिसत होते, आणि खालच्या ओळीतले 'हात धुवा' हे 'घुवा' झाले होते.

वर्तुळ आणि सरळ रेघ यांवर अक्षर उभे करण्याची रीत रोमन लिपीत १९२७ च्या फ्युचुरा या टाइपने रुळवली. पॉपिन्सने तीच शिस्त देवनागरीला लावली आहे, त्यामुळे बोरूच्या तिरक्या कापातून येणारी जाड-बारीक रेषा त्यात जवळजवळ नाहीच आणि अक्षरे एकसारख्या जाडीची, ठाम दिसतात. 'विष' एवढाच शब्द लिहायचा असेल तर याहून चांगला फॉन्ट मला माहीत नाही. परंतु अक्षराची जाडी वाढते ती पुष्कळशी त्याच्या पोटातली पांढरी जागा खाऊनच. आणि 'भ' व 'म', 'ध' व 'घ' यांच्यातला सगळा फरक शिरोरेखेतल्या एका लहानशा फटीवर आणि तिच्याजवळच्या गाठीवर उभा असतो. छपाईत शाई किंचित पसरली आणि त्यावर अंतर पडले की ती फट बुजते. पडद्यावर वीतभर अंतरावरून पाहणाऱ्या मला हे दिसणे शक्यच नव्हते, असे म्हणून सुटता येईल. पण छापण्याआधी नमुन्याचा कागद भिंतीला लावून दहा पावले मागे जायला कोणी अडवले नव्हते.

त्याच दुपारी फलक पुन्हा मांडला. 'विष' ब्लॅकमध्येच ठेवले, सूचना त्याहून कमी जाडीच्या सेमीबोल्डमध्ये घेतल्या, अक्षरांमधले व ओळींमधले अंतर वाढवले आणि 'भरताना' काढून 'पंपात औषध ओतताना' असे केले. आमच्याकडे या विषाला औषधच म्हणतात, त्याला फॉन्ट काय करणार! नवा फलक आधी टपरीवरून वाचून घेतला आणि मगच पाठवला.

पहिले फ्लेक्स त्या शेतकऱ्यांनीच कुटार, म्हणजे गुरांचा सुका चारा, झाकायला मागितले. अक्षरे आतल्या बाजूला ठेवा, एवढे मात्र मी त्यांना सांगितले.