कोलोनोस्कोपीआधी माहितीचा व्हिडिओ पाहून रुग्ण जास्त घाबरत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कारण परळच्या आमच्या एंडोस्कोपी विभागात हा प्रश्न मला, एक परिचारिका म्हणून, नातेवाइकांइतकाच नवे डॉक्टरही विचारतात. तपासणीच व्हिडिओत दाखवली, तर काही रुग्ण नक्कीच घाबरतील. कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने मोठे आतडे आतून पाहण्याच्या तपासणीच्या, रुग्णाला खरी गरज असते ती तपासणीच्या आदल्या दिवशी घरात काय करायचे हे पाहण्याची, आणि ते रुग्णापेक्षा घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने पाहिलेले अधिक उपयोगी पडते. पेरू, तीळ, टोमॅटोच्या बिया आणि पालेभाजी टाळायची, नारळपाणी किंवा कोरा चहा चालतो, पण कोकम सरबत नाही, कारण त्याचा लाल रंग आतड्यात रक्तासारखा दिसू शकतो, हे छापील कागदावरही असते. मात्र तो कागद बहुधा केसपेपरांच्या गठ्ठ्यातच राहतो आणि मोबाइलवरचा व्हिडिओ रात्री पुन्हा लावता येतो.

पोट साफ करणाऱ्या औषधाचे द्रावण अर्धे आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीच्या दिवशी पहाटे घ्यायला सांगतात, कारण रात्रभरात लहान आतड्यातून येणारा स्राव मोठ्या आतड्याच्या उजव्या भागावर पसरतो आणि तिथली बारीक गाठ झाकली जाऊ शकते. हे कारण चित्रातून कळले की पहाटे उठण्याचा कंटाळा कमी होतो. परंतु पहाटेचे औषध घेऊन विरारहून किंवा कर्जतहून लोकलने निघायचे कसे? लोकलमध्ये शौचालय नाही, आणि चाळीत ते सामाईक असते. मोठ्या फ्लॅटमध्ये चित्रित झालेले गुळगुळीत व्हिडिओ या अडचणीचा उल्लेखही करत नाहीत. लांबून येणाऱ्यांना दुपारची वेळ द्यावी, म्हणजे पहाटेचे औषध घेऊन पोट शांत झाल्यावर त्यांना निघता येते, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्हिडिओ दाखवला म्हणजे संमती घेतली, असेही होत नाही. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती रुग्णाला देणे आवश्यक ठरवले; व्हिडिओने त्याची सुरुवात होऊ शकते, पण समोर बसून शंका ऐकणे टळत नाही. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबाबत तर व्हिडिओत ‘स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा’ एवढेच असावे, असा माझा आग्रह आहे, कारण तिथे प्रत्येकाचे उत्तर वेगळे असते.