बोलोन्यात दोन दिवस, छत्री न उघडता

मिलानला येऊन मला दोन वर्षं झाली आणि या दोन वर्षांत मी इटली बघितली ती घाईघाईतच. फ्लोरेन्स एका दिवसात, व्हेनिस एका दिवसात, रोम लाँग वीकेंडला, फोनमध्ये ढीगभर फोटो आणि रात्री पायाला बाम. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली की या शनिवार-रविवारी मी घरी बोलोन्याला चाललेय, तू पण चल, आईकडेच राहू, फक्त काय काय बघायचं याची लिस्ट करायची नाही, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. फोरकास्ट बघितलं तर शनिवारी दिवसभर पाऊस आणि रविवारी संध्याकाळी परत पाऊस, म्हणून छत्री घेतली. ती बघून मैत्रीण म्हणाली, "बोलोन्यात छत्री कशाला?" तेव्हा मला काही कळलं नाही.

फास्ट ट्रेननं तासाभरात पोचतो. स्टेशनबाहेर पडल्यावर मैत्रिणीनं आधी मला थांबवलं आणि वर बोट दाखवलं. भिंतीवरचं एक घड्याळ 10 वाजून 25 मिनिटांवर थांबलेलं. 2 ऑगस्ट 1980 ला इथल्या वेटिंग रूममध्ये बॉम्बस्फोट झाला, 85 माणसं गेली, ऐन सुट्ट्यांचा सीझन, स्टेशन माणसांनी भरलेलं. तिची आई तेव्हा कॉलेजात होती. जखमींसाठी अँब्युलन्स लागत होत्या म्हणून मृतदेह न्यायला 37 नंबरची सिटी बस लावली होती, खिडक्यांना पांढऱ्या चादरी बांधून, आणि ती बस आईनं बघितलेली आहे. आम्ही दोघी मिनिटभर तिथेच उभ्या राहिलो. बाजूनं लोक बॅगा ओढत चालले होते, बरेच जण जाता जाता एकदा वर बघत होते.

मग पाऊस सुरू झाला आणि छत्रीचं उत्तर मिळालं. स्टेशनच्या जवळून विया इंदिपेंदेन्झा नावाचा रस्ता सरळ मेन चौकापर्यंत जातो आणि त्याच्या कडेनं घरांच्या खालून छप्पर असलेली वाट जाते. एका घराची कमान संपली की दुसऱ्याची सुरू. याला म्हणायचं पोर्तिको. जुन्या शहरातच असे साधारण 38 किलोमीटर पोर्तिको आहेत, बाहेरचे धरले तर 62, आणि 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत त्यांचं नाव लागलं. पण मला आकड्यापेक्षा ते कसे झाले ते जास्त आवडलं. इथलं विद्यापीठ 1088 चं मानतात, लांबलांबून पोरं शिकायला यायची, राहायला जागा पुरेना, म्हणून लोकांनी घराचा वरचा मजला रस्त्यावर पुढे काढला आणि तो पेलायला खाली लाकडी खांब दिले. म्हणजे चक्क रस्त्यावर वाढवलेलं बांधकाम! आता कुठलीही नगरपालिका असती तर पाडा म्हणाली असती, पण 1288 मध्ये इथे उलटा नियम झाला, की नवीन घराला पोर्तिको पाहिजेच, जागा मालकाची, दुरुस्ती मालकाची, आणि वापर सगळ्यांचा. उंचीसुद्धा ठरलेली, घोड्यावर बसलेला माणूस आरामात जाईल एवढी. नंतर लाकडाच्या जागी विटा-दगड आले, पण स्त्रादा माज्जोरेवर इझोलानींच्या घराचे तेराव्या शतकातले लाकडी खांब अजून आहेत. मी हात लावून बघितला, लाकूड पार काळं पडलंय आणि उभ्या भेगांमध्ये बोट जातं.

मला तिथे सारखं आमचं चिपळूणचं घर आठवत होतं. आमची पडवी. पावसात पोस्टमन तिथे थांबायचा, मासेवाली टोपली टेकवायची, शेजारच्या शाळेतली पोरं दप्तरं डोक्यावर धरून पळत यायची आणि आजी आतूनच ओरडायची, "आत या रे, भिजू नका". पडवी आमची पण थांबणारा कुणीही. इथे हजारो घरांनी मिळून तेच केलंय आणि तेही सातशे वर्षं. मैत्रिणीला हे सांगितलं तर तिला पडवी शब्द फार आवडला, दोन दिवस ती पोर्तिकोला 'पादवी' म्हणत होती.

चौकात, म्हणजे पियात्झा माज्जोरेत, पोचलो तर एका बाजूला सान पेत्रोनियो चर्च, 1390 साली सुरू केलेलं आणि समोरची बाजू अजून अर्धीच. खाली गुलाबी-पांढरा संगमरवर आणि वर नुसत्या विटा. समोरच्या पोदेस्ता महालाच्या खाली एक मोठी कमान आहे, तिच्या चार कोपऱ्यांपैकी एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून हळू बोललं की तिरक्या समोरच्या कोपऱ्यात स्पष्ट ऐकू जातं. मैत्रीण पलीकडे गेली आणि मी भिंतीला तोंड लावून म्हटलं, "ऐकू येतंय का गं?" मधून माणसं, सायकली, लहान मुलं, आणि त्या सगळ्यातून तिचं उत्तर आलं, "सी, सी (हो, हो), पण म्हणजे काय?" दोन वर्षांत मी मिलानमध्ये मोठ्यानं मराठी बोलते ती फक्त फोनवर, त्यामुळे एका अनोळखी भिंतीतून आपली भाषा दुसऱ्या टोकाला पोचली याचं मला काय वाटलं ते मी नीट सांगू शकत नाही.

बोलोन्याचे दोन प्रसिद्ध जुने टॉवर लांबूनच बघितले. गारिझेंदा, 48 मीटरचा आणि चांगलाच कललेला, धोका वाढला म्हणून ऑक्टोबर 2023 पासून भोवताली बंदी आहे, शेजारच्या असिनेल्लीच्या 498 पायऱ्यासुद्धा बंद. मैत्रीण त्यांच्याबद्दल घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलावं तसं बोलत होती.

दुपारी क्वाद्रिलातेरोत गेलो, म्हणजे चौकाला लागून असलेल्या जुन्या बाजाराच्या गल्ल्या. भाजीवाला, मासेवाला, चीजवाला, ताजा पास्ता विकणारी दुकानं, सगळं खेटून खेटून. आम्ही ब्रेड घेतला, स्क्वाक्वेरोने नावाचं एकदम मऊ, चमच्यानं घ्यावं लागतं असं चीज घेतलं, थोडी द्राक्षं, आणि शेजारच्या बोळात ओस्तेरिया देल सोले आहे तिथे जाऊन बसलो. ही जागा 1465 पासूनची. इथे खायला काहीही मिळत नाही, फक्त प्यायला मिळतं, खाणं आपलं आपण आणायचं. लांब लाकडी टेबलं, जिथे जागा असेल तिथे बसायचं. आमच्या टेबलावर तीन आजोबा पत्ते खेळत होते आणि त्यांनी न विचारता त्यांच्या पुडक्यातलं मोर्तादेल्ला पुढे केलं. मी मांस खात नाही म्हटल्यावर एकानं काही न बोलता खिशातल्या सुरीनं पार्मिजानो चीजचा तुकडा तोडून दिला. (एकदम शुद्ध शाकाहारी असाल तर लक्षात ठेवा, पार्मिजानो करताना दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट घालतात. मी तेवढं खाते.)

पाऊस थांबला तसे बाहेर आलो. शहरात ट्रामसाठी ठिकठिकाणी खोदकाम चालू होतं. जुनी ट्राम 1963 मध्ये बंद केली आणि आता परत नवीन करतायत. एका खड्ड्याच्या जाळीपाशी चार-पाच म्हातारे हात पाठीमागे बांधून, मान पुढे काढून काम बघत होते. त्यांना इथे खास नाव आहे, उमारेल. मूळ बोलोन्याच्या बोलीतला शब्द, छोटा माणूस अशा अर्थाचा, तो आता सगळ्या इटलीत जेसीबी बघत उभ्या राहणाऱ्या आजोबांसाठी वापरतात. आम्ही पण दहा मिनिटं उभ्या राहिलो. त्यातल्या एकानं मला, कुठली कोण मी, खालची जुनी पाइपलाइन कुठून कुठे जाते ते सगळं हातवारे करून समजावलं. त्याला त्या खड्ड्याची खरी काळजी होती. आपल्याकडे पण रस्ता खणला की असे आजोबा जमतातच, पण आपल्याकडे त्यांना नाव नाही, पाहिजे होतं.

मैत्रिणीचं घर विया सारागोत्झावर. खाली बेल वाजवून ती ओरडली, "तिरो!" तिरो म्हणजे वरून दार उघडायचं बटण, हा शब्द बोलोन्याच्या बाहेर कुणाला समजत नाही म्हणे.

रविवारी सकाळी ऊन होतं आणि अर्धं गाव सान लुकाच्या वाटेवर. टेकडीवर देवी मारियाचं देऊळ आहे आणि गावाच्या वेशीपासून तिथपर्यंत पोर्तिको आहे, जवळजवळ 3.8 किलोमीटर, 666 कमानी. आधी सपाट, मग मेलोंचेल्लोच्या कमानीनंतर चढ सुरू होतो आणि मग बोलणं कमी होतं. पुण्यात शिकत असताना आम्ही रविवारी पर्वतीला जायचो तसंच सगळं, धावणारी पोरं, कुत्री, घामाघूम काका, हळूहळू चढणारी जोडपी. 1433 मध्ये म्हणे पाऊस थांबेना, पिकं जाणार अशी वेळ आली तेव्हा देवीचं चित्र टेकडीवरून मिरवत गावात आणलं आणि पाऊस थांबला. तेव्हापासून दरवर्षी देवी खाली येते, आठवडाभर गावात राहते आणि परत जाते. ही मिरवणूक भिजू नये म्हणून 1674 पासून लोकांनी वर्गण्या काढून हा पोर्तिको बांधला. कमानींवर देणाऱ्यांच्या पाट्या आहेत. मी शिमग्याला पालखी घरोघर येते त्या गावची, मला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ग्रामदेवतेनं वर्षातून एकदा आपल्याकडे यायचं आणि तिच्या वाटेवर आपण छप्पर घालायचं.

आता स्वयंपाकघर. मी मैत्रिणीच्या आईला सिन्योरा म्हणत होते पण मनात काकूच म्हणत होते. काकूंनी टेबलावर भला मोठा लाकडी पाट टाकला, 400 ग्रॅम मैदा, मध्ये खड्डा, चार अंडी. शंभर ग्रॅमला एक अंडं, पाणी नाही, मीठ नाही. मळून गोळा अर्धा तास झाकून ठेवला आणि मग लाटणं काढलं, जवळजवळ मीटरभर लांब. त्याला मात्तारेल्लो म्हणतात आणि लाटलेल्या पोळीला स्फोल्या. आपण पोळी फिरवतो, काकू ती लाटण्यावर गुंडाळत होत्या, तळहातांनी मधून कडेकडे दाबत, उलगडत, पाव फेरी वळवत, परत गुंडाळत. वीसेक मिनिटांत पोळी टेबलाच्या कडेवरून खाली लोंबायला लागली. मग त्यांनी ती दोन्ही हातांवर उचलून खिडकीशी धरली. इथे म्हणतात की स्फोल्यातून सान लुका दिसला पाहिजे. टेकडी नाही दिसली, पण खिडकीची चौकट आणि समोरच्या बाल्कनीतली कुंडी मला दिसली.

रविवारी तोर्तेल्लिनी, म्हणजे सारण भरलेले छोटे पास्ते, सूपमध्ये खायचे असतात पण त्यात डुकराचं मांस, म्हणून माझ्यासाठी त्यांनी मोठे तोर्तेल्लोनी केले, आत रिकोत्ता चीज आणि पार्सली. चौकोन कापायचा, सारण ठेवायचं, त्रिकोण करायचा आणि बोटाभोवती वळून टोकं चिमटायची. उरलेल्या पोळीचे तालियातेल्ले, म्हणजे लांब चपट्या पट्ट्या. त्यांची रुंदीसुद्धा शिजल्यावर 8 मिलिमीटर असं 1972 मध्ये इथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये नोंदवून ठेवलंय, असिनेल्ली टॉवरच्या उंचीचा 12,270 वा भाग! काकूंनी मोजलं नाही, सुरी सरसर चालली आणि सगळ्या पट्ट्या सारख्या.

मी म्हटलं आमच्याकडे पण हातानं वळतात, गव्हले. कसे ते सांगता येईना म्हणून आईला व्हिडिओ कॉल लावला. चिपळूणला दुपार होती. आईनं विचारलंसुद्धा नाही, सरळ थोडा रवा-मैदा दुधात भिजवून बसली आणि कॅमेऱ्यासमोर चिमटीत कणभर घेऊन वळायला लागली, तांदळाच्या दाण्याएवढे, दोन्ही टोकं निमुळती. आजी लग्नघरी मुहूर्ताचे गव्हले करायची ते मला एकदम डोळ्यांसमोर आलं. काकूंनी चष्मा लावला, फोन कॉफीच्या डब्याला टेकवला आणि आपल्या पिवळ्या पिठाची चिमूट घेऊन तसंच करायला लागल्या. पहिले चार जाड झाले. आई म्हणाली, "अगं सांग त्यांना, अंगठा हलवायचा नाही, बोट हलवायचं." मी इटालियनमध्ये सांगितलं. पाचवा बरोबर जमला. काकूंनी तो तळहातावर घेऊन फोनजवळ धरला, तिकडे आईनं पण तिचा धरला, आणि दोघी आपापल्या भाषेत बोलत राहिल्या, मी भाषांतर करायचं थांबवलं तरी.

तोर्तेल्लोनी बटर आणि सेजच्या पानांत खाल्ले. आठ खाल्ले.

संध्याकाळी परत पाऊस लागला. काकूंनी वीस तोर्तेल्लोनी रव्यावर पसरून डब्यात दिले आणि आम्ही कमानींखालून चौकात आणि तिथून स्टेशनपर्यंत आलो, मध्ये फक्त क्रॉसिंगला चार पावलं भिजलो. ट्रेनमध्ये बसल्यावर लक्षात आलं की छत्री काकूंच्या दाराशी तशीच लटकलेली राहिली, दोन दिवसांत एकदाही न उघडलेली. मैत्रीण म्हणाली, आईला पाठवायला सांगू का? मी म्हटलं नको, तिथेच राहू दे.